उमरठचे लग्नघर आणि पडद्यावरचा सिंहगड

महाबळेश्वराच्या माथ्यावरून उतरलेली सावित्री ज्या खोऱ्यातून महाडाकडे वाहत जाते, त्या पोलादपूर तालुक्यात उमरठ नावाचे गाव आहे. सुभेदार तानाजी मालुसरे यांची समाधी तेथे असून, कोंढाणा किल्ल्याच्या लढाईत पडलेल्या या वीराचा देह मढे घाटाने कोकणात उतरवून येथे आणण्यात आला, अशी परंपरा आहे. ‘शिवभारत’कर्ते कवींद्र परमानंद यांची समाधीही जवळच, खुद्द पोलादपुरात आहे. शिवकालीन पराक्रम आणि त्या पराक्रमाला वाणी देणारी प्रतिभा अशी दोन्ही या एकाच मुलखात विसावली आहेत.

1665 च्या पुरंदरच्या तहाने मोगलांच्या हवाली झालेला कोंढाणा 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री स्वराज्यात परत आला. सभासदाने आपल्या बखरीत हा मजकूर थोडक्यात आटोपला आहे. परंतु शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याने तानाजीचा मुलगा रायबा याचे लग्न, तानाजीचे मामा शेलारमामा यांचे वार्धक्य आणि कडा चढणाऱ्या घोरपडीची कथा यांसह तो महाराष्ट्राच्या घराघरांत नेला. पुढे ‘करमणूक’कर्ते हरी नारायण आपटे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिली, आणि गडाचा मोगल किल्लेदार उदयभानू याच्या कैदेत सापडलेल्या कमलकुमारीचे कथानक त्यात गुंफून या मोहिमेस नवे भावविश्व दिले. तानाजीच्या मृत्यूमुळेच कोंढाण्याला सिंहगड हे नाव पडले, ही समजूत या शीर्षकाने दृढ झाली. वास्तविक 1663 च्या शिवकालीन पत्रातच हे नाव आढळते. ललित कृतीची सत्ता दप्तरातील कागदाहून किती प्रबळ असते, याचे हे बोलके प्रमाण होय.

ही कादंबरी पडद्यावर आली ती प्रथम 1923 साली. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाशाचा धाडसी उपयोग केला आणि शेलारमामाच्या भूमिकेसाठी तरुण व्ही. शांताराम यांस निवडले. दहा वर्षांनी, 1933 मध्ये, त्याच शांतारामांनी ‘प्रभात’ फिल्म कंपनीसाठी हीच कथा बोलपटात दिग्दर्शित केली. चित्रपटगृहाच्या भव्य पडद्यास कडा, दोर, मशाली आणि रणकंदन हवे होते. त्यामुळे प्रेक्षकांच्या स्मृतीत गड उरला आणि उमरठचे लग्नघर मागे पडले.

घरात बसून पाहावयाच्या लहान पडद्याची प्रकृती मात्र निराळी आहे. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, आणि पुढे रणजित देसाई यांच्या 1962 च्या ‘स्वामी’ कादंबरीवर गजानन जागीरदार यांनी दूरदर्शनसाठी मालिका दिग्दर्शित केली. ‘प्रभात’च्या 1944 च्या ‘रामशास्त्री’त ज्यांनी रामशास्त्र्यांची भूमिका अजरामर केली, त्या जागीरदारांना पेशवाईचा दरबार अपरिचित नव्हता, तथापि मालिकेचे सामर्थ्य दरबाराच्या थाटापेक्षा माधवराव पेशवे आणि त्यांच्या पत्नी रमाबाई यांच्या संसारात, त्या दोघांच्या अल्प सहवासात प्रकट झाले. फौजफाटा उभा करण्याची ऐपत नसलेल्या माध्यमाने माणसाचा चेहरा जवळून दाखविला.

म्हणूनच आपट्यांच्या कादंबरीवर उद्या कोणी दूरदर्शनपट रचील, तर त्याने कॅमेरा प्रथम उमरठच्या खोऱ्यात आणावा असे मला मनापासून वाटते. तानाजीच्या त्यागाचे मोल कड्यावरच्या तलवारबाजीत कळत नाही. ते मांडव घातलेल्या अंगणात, आमंत्रणे गेलेल्या घरात, मुलाचे लग्न टाकून जाण्याचा निर्णय ऐकणाऱ्या आप्तांच्या मुद्रांवर कळते. लग्नाची कथा पोवाड्याची, बखरीची नव्हे, हे इतिहासाच्या अभ्यासकाने अवश्य सांगावे. पण स्वराज्याची किंमत अशाच असंख्य कुटुंबांनी आपल्या संसारातून दिली, हे सत्य त्या कथेने जपले आहे. त्या कुटुंबांना पडद्यावर नाव आणि चेहरा मिळाला, तरच सिंहगडाची कथा पूर्ण सांगितली असे म्हणता येईल.