माथेरान रेल्वे स्थानक : वारसा आणि वास्तव

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्यामुळे १८५० पासून माथेरान प्रकाशात आले. परंतु नेरळपासूनचा चढ पर्यटकांना पायी, घोड्यावरून किंवा डोलीतून चढावा लागे. ही अडचण सरकारने नव्हे, तर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने दूर केली. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी सुमारे १६ लाख रुपये खर्चून दोन फूट रुंदीचा, सुमारे २१ कि.मी. लांबीचा लोहमार्ग उभारला. १९०७ मध्ये तो खुला झाला. माथेरान स्थानक हे भारतीय भांडवलाच्या या साहसाचे फलित होय.

दस्तुरीच्या पुढे पर्यटकांच्या मोटारींना प्रवेश नसल्याने या स्थानकाचे महत्त्व आजही टिकून आहे. तथापि, जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला व २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा हानी होऊन नेरळपर्यंतची सेवा ऑक्टोबर २०२२ पर्यंत खंडित राहिली. यावरून असे दिसून येते की, केवळ स्थानकाची वास्तू जपल्याने वारसा टिकत नाही. घाटातील रूळ, मोऱ्या व दरडी यांचे जतन ही त्याची पहिली अट ठरते.