अकोले तालुका
अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा डोंगराळ, ग्रामीण व आदिवासीबहुल तालुका. पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग, येथील कळसूबाई (1,646 मी.) हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर (पहा : सह्याद्री). प्रवरा रतनगडाजवळ व मुळा हरिश्चंद्रगड परिसरात उगम पावते. प्रवरेवरील भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झाले (पहा : प्रवरा नदी). घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पडतो, पूर्वेकडे तो झपाट्याने घटतो. घाटमाथ्यावरील वाड्यांनाही उन्हाळ्यात पाणीटंचाई भासते, ही येथील ठळक विसंगती. पश्चिमेस भात, नाचणी, वरई. पूर्वेस ऊस, कांदा. लोकसंख्या सुमारे 2.92 लाख (2011). महादेव कोळी व ठाकर या प्रमुख आदिवासी जमाती (पहा : महादेव कोळी). देशी बियाण्यांच्या संवर्धनासाठी पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या.