बारा वर्षांचा पोरका

जे. आर. आर. टॉल्किन यांनी ‘द हॉबिट’ ही कथा आपल्या मुलांसाठी रचली. ती १९३७ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९५४-५५ मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हा त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ आला. बुटके हॉबिट, एल्फ आणि ड्रॅगन यांची ही सृष्टी वरवर पाहता निव्वळ कल्पनेचा खेळ वाटते. तथापि तिची मुळे एका पोरक्या मुलाच्या बालपणात रुजलेली आहेत, असे आम्हांस दिसते.

टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील आर्थर बँकेत व्यवस्थापक होते. १८९५ मध्ये आई मेबल दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडला आल्या आणि पुढच्याच वर्षी मागे राहिलेले आर्थर आजाराने निवर्तले. तुटपुंज्या मिळकतीवर मेबल यांनी बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात बिऱ्हाड केले. मुलांना लॅटिन, चित्रकला आणि वनस्पतींची ओळख त्यांनी घरीच करून दिली.

तेथे जुनी पाणचक्की होती, तळे होते. गिरणीवाल्याचा मुलगा भुकटीने पांढराफटक झालेला असे. मुलांनी त्याचे नाव ‘पांढरा राक्षस’ ठेवले होते. तळ्यावर झुकलेले विलोचे एक झाड कोणी तोडले आणि तसेच पडू दिले. हे टॉल्किन जन्मभर विसरले नाहीत. हॉबिटांचा ‘शायर’ हा प्रदेश या खेड्यावरूनच घडला. महायात्रेहून परतलेल्या हॉबिटांना गावची झाडे तोडलेली आणि गिरणीचे रूप पालटलेले आढळते. त्या प्रसंगातील व्यथा खरी वाटते ती यामुळेच.

१९०० साली मेबल यांनी कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली. माहेर आणि सासर दोन्हीकडची माणसे रुष्ट झाली. मिळत असलेली आर्थिक मदत थांबली. तरी त्या डगमगल्या नाहीत. पुढे त्यांना मधुमेह जडला. इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये लागला. त्यापूर्वी या रोगावर खात्रीचा उपाय नव्हता. १४ नोव्हेंबर १९०४ रोजी, अवघ्या ३४व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. आईने श्रद्धेसाठी हौतात्म्य पत्करले, अशीच टॉल्किन यांची धारणा अखेरपर्यंत राहिली.

मुले पालक म्हणून लाभली ती फादर फ्रान्सिस मॉर्गन यांना. संत जॉन हेन्री न्यूमन यांनी स्थापिलेल्या बर्मिंगहॅम ओरेटरीचे ते धर्मगुरू. मुले पहाटे त्यांच्या मिस्सात सेवा करीत. आईने ठेवलेल्या अल्प पैशांत फादर गुपचूप स्वतःची भर घालीत. हेच फादर कठोरही होते. टॉल्किन एडिथ नावाच्या मुलीच्या प्रेमात पडल्यावर, एकविसावे वर्ष लागेपर्यंत तिला भेटायचे नाही, पत्रही लिहायचे नाही, अशी त्यांनी ताकीद दिली. हा निर्णय योग्य होता काय? आम्ही स्वतः धर्मगुरू आहोत. पण याचे उत्तर देणे आम्हांस सोपे वाटत नाही. टॉल्किन यांनी मात्र आज्ञा पाळली, १९१६ मध्ये एडिथशीच विवाह केला आणि थोरल्या मुलाच्या नावात ‘फ्रान्सिस’ हे नाव घातले. तो मुलगा पुढे धर्मगुरू झाला.

आपल्या कथेचा अर्थ रूपक म्हणून लावलेला टॉल्किन यांना आवडत नसे, हे आम्ही जाणतो. तरी काही गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. कथानायक फ्रोडो बाराव्या वर्षी पोरका होतो. टॉल्किनही बारा वर्षांचेच होते. फ्रोडोला वडीलधारा बिल्बो आपला वारस करून घेतो. प्रवाशांना एल्फ ‘लेंबास’ नावाची भाकर देतात. दुसरे अन्न नसताना ती अधिकच बळ देते. रोज पहाटे वेदीजवळ उभा राहणारा मुलगा त्या भाकरीत आम्हांस दिसतो.

मेबल यांनी मुलांसाठी धन ठेवले नाही. जे ठेवले ते मात्र सरले नाही. श्रद्धा मुलांच्या हाती सोपविताना आपणही काही किंमत मोजतो काय, हे प्रत्येक घराने स्वतःस विचारावे.