कुंडलिकेच्या मुखाशी

जुनी चर्च पाहायची म्हटलं की आमच्या रोह्यातली माणसं गोव्याची वाट धरतात. मी शाळेत इतिहास शिकवत असे तेव्हा मुलांना आग्रहाने सांगे, आधी रेवदंडा बघा. रोह्यावरून वाहत जाणारी आपली कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथेच, आजच्या रेवदंड्यात, पोर्तुगीजांचं चौल वसलं होतं. रोह्याहून चणेरे-साळावमार्गे पुलावरून जावं, पेणकरांनी पोयनाड-अलिबागवरून यावं.

पोर्तुगीजांनी इथे १५१६ मध्ये वखार घातली. पुढे निजामशहाच्या परवानगीने १५२१ ते १५२४ या काळात किल्ला उभा राहिला. घोडे आणि रेशीम यांच्या व्यापारावर शहर भरभराटलं आणि फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा पंथांनी आपापली चर्च आणि मठ बांधले. त्यांचे अवशेष आज नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये विखुरले आहेत. डोमिनिकन चर्चच्या वेदीवरची दगडी कमान पाहताना मान वर करावी लागते. गावकरी ज्याला सातखणी म्हणतात, तो मनोरा जाणकार फ्रान्सिस्कन चर्चचा मानतात.

गोव्यातल्या चर्चचा बरोक डौल इथे शोधू नये. हे सीमेवरचं ठाणं होतं. १५७०-७१ मध्ये निजामशहाच्या फौजेने त्याला कित्येक महिने वेढा घातला होता. त्यामुळे इथल्या भिंती जाड, खिडक्या मोजक्या. शोभा येते ती कमानींतून. पण गोव्याच्या बरोकशी उत्तर कोकणाचं नातं पक्कं आहे. १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागात जांभ्यासोबत जो कोरीव काळा दगड आहे, तो वसईहून नेलेला. म्हणजे त्या वैभवातही आपला दगड आहे.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि १७४० च्या तहाने चौल मराठ्यांकडे आलं. पोर्तुगीज गेले, मठ ओस पडले, छपरं कोसळली. पण खाडीपलीकडे कोरलईला ख्रिस्ती वस्ती टिकली. तिथल्या माउंट कार्मेल चर्चमध्ये आजही प्रार्थना होते आणि घराघरांत पोर्तुगीजमधून उपजलेली, मराठीत मुरलेली बोली ऐकू येते. इथे दगडापेक्षा माणसं चिवट निघाली.

म्हणून मला या अवशेषांची कळकळ वाटते. भिंतींच्या सांध्यांत वड-पिंपळाची मुळं शिरली आहेत. ती वेळच्या वेळी काढली पाहिजेत. प्रत्येक अवशेषापाशी नकाशा आणि मराठीत माहिती असायला हवी. पेण-रोह्याच्या प्रत्येक शाळेने मुलांना रेवदंडा आणि कोरलई एकाच दिवशी दाखवावं. मठ बांधणारे, वेढा देणारे, तह करणारे आणि मागे राहिलेले, हे सगळेच आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातले आहेत. हे एकदा मुलांना पटलं की या भिंती राखायला ती स्वतःच पुढे येतील.