जठराम्लरोधक औषधे व इसब

जठराम्लरोधक औषधे व इसब : जठरातील अम्लस्राव कमी करणारी औषधे आणि इसब (पामा) हा खाज, लाली व लस यांनी युक्त असा त्वचाविकार यांतील संबंधाचा विचार दोन अंगांनी केला जातो : औषधाचा त्वचेशी संपर्क आणि औषधाचे सेवन.

अम्लपित्त व त्वचाविकार यांची सांगड भारतात जुनी आहे. माधवकराच्या माधवनिदान या ग्रंथात अम्लपित्ताच्या लक्षणांत कंडू, मंडले व पिटिका यांचा उल्लेख आढळतो. तेथे दोष रोगाकडे दिलेला आहे. औषधाविषयीची शंका विसाव्या शतकातील होय.

जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निष्पन्न झालेले सिमेटिडीन १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आले. त्यानंतर रॅनिटिडीन (१९८१) व ओमेप्राझोल (१९८८) ही औषधे आली. रॅनिटिडिनामुळे उद्भवलेला संपर्कजन्य त्वचाशोथ १९८४ मध्ये, तर ओमेप्राझोलाची संपर्क-अधिहर्षता (ॲलर्जी) १९८६ मध्ये, म्हणजे ते बाजारात येण्यापूर्वीच, नोंदली गेली. पुढे औषध-कारखान्यांतील कामगारांत हवेतील चूर्णामुळेही असा विकार आढळला. पाठीवर औषधाचा सौम्य अंश पट्टीने चिकटवून केलेल्या चाचणीने त्याचे कारण निश्चित करता येते.

ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ व बदलापूर या औद्योगिक क्षेत्रांत औषधे व रसायने यांचे कारखाने आहेत. लगतच्या उल्हासनगरसह या पट्ट्यातील कामगारांच्या दृष्टीने वरील निष्कर्ष महत्त्वाचा ठरतो. बंदिस्त यंत्रणा, चूर्ण शोषून घेणारी व्यवस्था, योग्य हातमोजे व कामात बदल हे प्रतिबंधक उपाय आहेत. केवळ मलम लावून संपर्क चालू ठेवल्यास इसब पुन्हा उद्भवतो.

सेवनाचा संबंध इतका स्पष्ट नाही. अम्ल कमी झाल्यास प्रथिनांचे पचन अपुरे राहून अधिहर्षता निर्माण होते, अशी उपपत्ती आहे. अमेरिकेतील ७,९२,१३० बालकांच्या नोंदींच्या अभ्यासात (२०१८) पहिल्या सहा महिन्यांत ही औषधे मिळालेल्यांत पुढे अन्नाच्या अधिहर्षतेचा संभव दुपटीहून अधिक आढळला. तथापि दुधाची अधिहर्षता असलेले मूल दूध ओकते व त्यामुळेच त्याला हे औषध दिले जाते, असेही घडू शकते. त्यामुळे साहचर्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. तान्ह्या मुलांना ही औषधे अकारण देऊ नयेत. परंतु व्रणाच्या रोग्याने इसबाच्या शंकेने ती परस्पर बंद करणेही धोक्याचे असते.