दारफळणीचा सण

कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील गावांतून पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालविणाऱ्या आणि शनिवारी ते बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेने इस्राएल समाजाजवळ ज्या काळी ना हिब्रू पोथी होती, ना सिनेगॉग, ना शास्त्रार्थ सांगणारा आचार्य, त्या काळीही वर्षातून एक दिवस कडकडीत उपवास करून, शुभ्र वस्त्रे परिधान करून आणि घराची दारे लावून घेऊन इतर जनांचा स्पर्शही टाळण्याचा परिपाठ त्याने सोडला नव्हता. यहुदी धर्मशास्त्रातील योम किप्पूर, म्हणजे तिश्री महिन्याच्या दशमीचा प्रायश्चित्तदिन, तो हाच. कोकणात मात्र त्यास दारफळणीचा सण म्हणत. पितरांचे आत्मे त्या सुमारास घरी येतात, अशीही श्रद्धा होती, आणि तीत शेजारच्या पितृपक्षाची छाया मला स्पष्ट दिसते. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी गोरगरिबांस दानधर्म आणि आप्तेष्टांच्या भेटी.

पुढे कोचीनच्या यहुद्यांच्या सहवासाने प्रार्थनाविधी आले, आणि कंपनी सरकारच्या फौजेतील अंमलदार सामाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 साली मुंबईत मांडवीस पहिले सिनेगॉग बांधले. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी समाजाचा इतिहास 1897 च्या सुमारास लिहून ठेवला, पण तो छापून निघावयास 1937 साल उजाडले. तोवर बंद दारांआडचे हे व्रत सिनेगॉगमधील सामुदायिक प्रार्थनेत विलीन झाले होते.