बर्फ, जर्नल आणि डॉक्टर ब्लॅक

परवा रात्री भाचीचा फोन. नववीत आहे. "मामा, बाई म्हणतात बर्फ वितळताना तापमान वाढत नाही. खाली दिवा चालूच असतो ना? मग उष्णता जाते कुठे?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं, अप्रकट उष्मा वगैरे. फोन ठेवला आणि एक जुनं पाप आठवलं. आज लिहूनच टाकतो. ताई वाचेल आणि हसेल, हसू दे.

मीही नववीतच होतो. चंचुपात्रात बर्फाचा चुरा, खाली स्पिरिटचा दिवा, दर मिनिटाला नोंद. पारा शून्यावर आला आणि बसला. दोन मिनिटं, पाच मिनिटं, ढिम्म हलेना. वाटलं थर्मामीटर बिघडला. सरांना विचारायची छाती नव्हती. मग जर्नलमध्ये मनानेच आकडे भरले: ०, २, ४, ७. आलेख इतका देखणा आला की सरांनी न वाचताच सही ठोकली.

पुढे कधीतरी जोसेफ ब्लॅकबद्दल वाचलं आणि थोडं बरं वाटलं. कारण अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत भलेभले विद्वानही माझ्यासारखाच विचार करत. बर्फ वितळण्याच्या अंशापर्यंत आला की आणखी चिमूटभर उष्णता दिली, झालं पाणी! ग्लासगोच्या या प्राध्यापकाला ते पटेना. त्याचं म्हणणं साधं होतं. असं असतं तर थंडी सरताच डोंगरावरचं सगळं बर्फ एका दमात वितळून भयंकर पूर आले असते. प्रत्यक्षात ते आठवडेच्या आठवडे टिकतं. हे तर तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याला दिसत होतं!

दुसरा धागा फॅरनहाइटच्या नोंदीत होता. अगदी शांत ठेवलेलं पाणी गोठणबिंदूच्या खाली जाऊनही पाणीच राहू शकतं. हलवलं की गोठू लागतं, आणि त्याच वेळी पारा वर उसळून ३२ अंशांवर येतो. म्हणजे गोठताना पाणी उष्णता बाहेर टाकतं. मग वितळताना ती आत घेत असलीच पाहिजे.

पण किती? ब्लॅकने दोन सारखी काचेची भांडी घेतली. एकात बर्फ, दुसऱ्यात तेवढंच जवळजवळ गोठायला आलेलं पाणी, ३३ अंश फॅरनहाइटचं. दोन्ही एका मोठ्या दालनात टांगली. दालनातली हवा ४७ अंशांची. पाणी अर्ध्या तासात ४० अंशांवर गेलं. बर्फाला वितळून तिथवर यायला साडेदहा तास लागले! अर्ध्या तासाला ७ अंश, असे एकवीस अर्धे तास, म्हणजे १४७. त्यातले वितळल्यानंतर पारा चढण्यात गेलेले ८ वजा केले की १३९. एवढी उष्णता बर्फाने गिळली आणि थर्मामीटरला पत्ता नाही. आजचा आकडा १४४च्या आसपास आहे. दोन भांडी आणि एक घड्याळ यांच्या जोरावर हे उत्तर! मला तर हा प्रयोग फार आवडतो. त्यात करायचं काहीच नाही, नुसतं थांबायचं.

२३ एप्रिल १७६२ रोजी त्याने हे ग्लासगोतल्या एका विद्वत्मंडळात वाचलं. वाफेचंही त्याने तसंच मोजलं. पाणी ५० अंशांपासून उकळायला चार मिनिटं, सगळं आटायला आणखी वीस. उत्तर आलं ८१०. आजचं सुमारे ९७० आहे, म्हणजे इथे गडी जरा चुकला. उष्णता हा एक प्रकारचा पदार्थ आहे, अशीच त्याची समजूत होती. तीही चूक. मोजमाप मात्र टिकलं.

त्याच विद्यापीठात जेम्स वॉट उपकरणं दुरुस्त करायचा. १७६३-६४च्या सुमारास न्यूकोमेनच्या इंजिनाच्या प्रतिकृतीवर काम करताना थोडीशी वाफ केवढं तरी पाणी तापवते हे पाहून तो चक्रावला. त्याने ब्लॅकला विचारलं आणि कारण कळलं. वेगळ्या कंडेन्सरची कल्पना वॉटला १७६५ साली यातूनच सुचली असं पुष्कळदा लिहितात, पण पुढे वॉटने स्वतःच ते नाकारलं. शिष्याचं श्रेय गुरूला देऊन टाकायची हौस सगळीकडेच असते. असो.

गंमत म्हणजे ब्लॅकने हे काही छापलंच नाही, वर्गात शिकवत राहिला. १७७२मध्ये स्वीडनमध्ये विल्केने स्वतंत्रपणे हीच गोष्ट शोधून प्रसिद्ध केली, तरी हा गप्पच. १७९९मध्ये तो वारला आणि त्याची व्याख्यानं पुस्तकरूपाने १८०३मध्ये आली.

काल भाचीने स्वयंपाकघरात प्रयोग केला आणि रात्री वही वाचून दाखवली. तिचा थर्मामीटर स्वस्तातला, शून्याऐवजी एकावरच अडकून बसला. "मग काय लिहिलंस?" मी विचारलं.

"एक. सोळा वेळा एक. मामा, हसतोस काय?"